ऑइलच्या पट्टीची नळी

दादाच्या गाडीत मी कायम उजवीकडे बसत आलो. गाडी अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे. पुढे एसटी आडवी आली की दादाला समोरचा रस्ता दिसायचा नाही, तो मला दिसायचा. "बघ रं," एवढंच तो म्हणायचा. मी खिडकीतून मान काढून "मोकळं हाय" म्हणालो की त्याचा पाय खाली जायचा आणि ते आठ सिलिंडरचं धूड डरकत एसटीला मागे टाकायचं. "नक्की काय?" असं त्याने मला एकदाही विचारलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आयुष्यभर ट्रान्सपोर्टचा धंदा केला. तरुणपणी एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या शेडमधून ही गाडी त्याने ओढत घरी आणली. दोन दारं, लांबलचक नाक, मागची सीट नावाला. तिकडे अशा गाड्या शर्यतीच्या मस्तीसाठी काढल्या होत्या म्हणे. आमच्या गल्लीने तिला पहिल्याच दिवशी 'रेडा' म्हणून टाकलं आणि ते नाव चिकटलं. दादाला राग नाही आला. म्हशी पळवणाऱ्या गावात रेडा म्हणजे शिवी थोडीच!

मी त्याच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतो, एका पतसंस्थेत नोकरी करतो. यंत्रातलं मला जे थोडंफार कळतं ते दादाच्या शेजारी बॅटरी धरून उभं राहिल्यामुळे. गेली काही वर्षं दादाची नजर अधू होत चालली होती. साखरेने डोळ्यांचा घास घेतला. डाव्या डोळ्याने कडेचं काही दिसत नव्हतं, उजव्याने जवळचं धूसर. तेव्हापासून ऑइलची पट्टी बघायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी तो बॉनेट उघडायचा, पट्टी काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवून बाहेर काढायचा आणि माझ्यापुढे धरायचा.

"किती हाय?"

"वरच्या खुणेला."

"बरं." झालं. पट्टी परत आत.

श्रावणात आम्ही गडमुडशिंगीकडून परत येत होतो. मी उजवीकडे, मागे वहिनी. डाव्या बोळातून एक दूधवाला सायकल काढत आला आणि दादाला तो दिसलाच नाही. नुसता धक्का लागला. किटल्या आडव्या झाल्या, दूध रस्त्याभर गेलं. माणूस उठून शिव्या द्यायला लागला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. दादाने उतरून माफी मागितली, त्याची सायकल सरळ करून दिली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "एकदम आला की त्यो." एकदम आला नव्हता. मला सावकाश येताना दिसला होता, पण डावी बाजू दादाची म्हणून मी बोललो नाही. वहिनी मागे देवाचं नाव घेत होत्या.

त्यानंतरच्याच रविवारी दादा पट्टी ओढायला गेला आणि पट्टीबरोबर तिची नळीच हातात आली. इंजिनच्या पोटातलं तेल मोजायची ही पट्टी एका वाकड्या नळीतून खाली उतरते, आणि तिची मूठ नळीच्या तोंडावर टेकते. नळीला मध्ये एक कान असतो, तो बोल्टने इंजिनला धरून ठेवतात. तो बोल्ट कधीच गळून पडला होता. नळी थरथरून थरथरून गंजल्या जागी सुटली. दादा हसला. "म्हातारी झाली बिचारी. तुझ्या मोबाइलवरनं नवी मागीव."

मी मागवली. पार्सल गणपतीच्या आधी माझ्या पतसंस्थेच्या पत्त्यावर आलं. चकचकीत नळी, कानासकट, अगदी जशीच्या तशी. दादा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. म्हटलं, तो यायच्या आत बसवून ठेवू, चकित होईल. बॉनेट उघडलं, तर इंजिनच्या भोकात जुन्या नळीचा तुकडा तसाच अडकलेला. म्हणजे नळी सुटली नव्हती, तुटली होती, आणि खालचं दोन पेरांएवढं टोक आत राहिलं होतं. दादाला ते दिसणं शक्यच नव्हतं. मी त्यात ग्रीस लावून जाड स्क्रू पिळला आणि पक्कडीने तो तुकडा उपसून काढला. स्वतःवर जाम खूश होतो.

तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने आल्या. हातात सुपलीत तांदूळ होते. नळी बघून तिथेच थांबल्या.

"भावजी, आली व्हय?"

"आली की. आता बसवतो."

"नका बसवू." त्यांनी सुपली खाली ठेवली. "त्यास्नी सांगून काय उपेग न्हाय, तुमास्नी ठाऊक हाय. गाडी बंद हाय तवर माणूस घरात हाय. त्या दिवशी किटली हुती, उद्या पोरगं असलं म्हंजे?"

 त्यांचं खरं होतं. मी नळी परत कागदात गुंडाळली आणि कपाटात स्वेटरच्या मागे ठेवली. तुकडा शर्टाच्या खिशात राहिला. त्या दिवशी मला वाटलं, आपण एका बाईच्या शब्दाला मान दिला, एक चांगलं काम केलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं हलकंसुद्धा वाटलं. ते हलकं वाटणंच आता टोचतं.

कारण मग रोजचं सुरू झालं. मी कामावरून आलो की दादा वरच्या गॅलरीतून ओरडायचा, "आलं काय रं पार्सल?"

"न्हाय अजून."

एवढ्यावर भागेना. त्याला तपशील लागायचा. मग मी ते पार्सल जहाजात घातलं, मुंबईत उतरवलं, कस्टमच्या गोदामात आठवडाभर ठेवलं, पुण्याला चुकीच्या ट्रकमध्ये चढवलं. खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती चांगली लागते म्हणतात. दादाची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. "परवा तर सुटलं म्हणालास की कस्टममधनं?" असं तो साध्या मनाने विचारायचा, आणि मी घाईने आणखी एक गोदाम बांधायचो.

त्यातही वाईट काय असेल, तर तो माझी बाजू घ्यायचा. चौकातल्या चहाच्या गाड्यावर त्याचे दोस्त त्याची खेचायचे, "काय मालक, रेडा अजून गोठ्यातच?" तर म्हणायचा, "माझा भाऊ रोज चवकशी करतोय. त्यो सरकारी कारभार, त्येला ह्यो काय करणार?" मी शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत असायचो. 

दसरा जवळ आला. आमच्या घरी दसऱ्याचा एक ठरलेला शिरस्ता आहे. खंडेनवमीला गाडीची आणि सगळ्या हत्यारांची पूजा, दसऱ्याला सकाळी रेड्यातून पन्हाळा, तिथे झुणका-भाकर, आणि दुपारी उतरून संध्याकाळी सोनं लुटायला गावात. पूजेतल्या हत्याराला सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम. एका वर्षी खंडेनवमीला दादाच्या ट्रकचं टायर बसलं, पण त्याने पाना उचलला नाही. माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवला. इतका तो नेमाला पक्का.

पार्सल येईना, तेव्हा अष्टमीच्या दिवशी सकाळी दादा रिक्षाने कारखान्यांच्या उद्यमनगरात गेला आणि दुपारी नळी घेऊन हजर. लेथवाल्याकडे जुनी नळी नेली, गंजलेली कड घासून सरळ केली, आणि तिच्या मापाची नवी करून घेतली.

"अमेरिकेची वाट कोण बघतंय!" तो अंगणातूनच गरजला. "हाय काय न् न्हाय काय! इथं माणसं अख्खं इंजिन ओतत्यात."

गर्व असावा तर असा. आमच्या गावात हा गर्व रक्तातच आहे. बाहेरून येईल त्याची वाट बघणं म्हणजे कमीपणा. पण त्याने माप घेतलं होतं ते हातात आलेल्या नळीचं. इंजिनात राहिलेल्या तुकड्याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि पत्ता नव्हता, कारण तो मी काढून खिशात घातला होता.

मी बॅटरी धरली. दादा वाकून चाचपत होता. त्याने भोकात करंगळी फिरवली. "साफ हाय की. म्हंजे तुटली न्हवती, सुटून आलती." त्याने नळी भोकात घातली आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू ठोकत घट्ट बसवली. मग कानापाशी आला आणि थबकला. कान बोल्टच्या जागेपेक्षा खाली आला होता.  आता कळेल त्याला, असं वाटलं. वाटलं, कळू दे.

"लेथवाल्यानं कान जरा खाली झाळला," तो म्हणाला, आणि पक्कडीने कान वर वाकवून बोल्ट पिळला.

नंतर तेल ओतलं. जुनं सगळं काढून टाकलेलं होतं, त्यामुळे कॅनच्या कॅन भरायचं होतं. तो ओतायचा, पट्टी माझ्यापुढे धरायचा, पुन्हा ओतायचा. नळी आखूड म्हणून मूठ खाली टेकत होती, आणि पट्टी तेलात हवी त्यापेक्षा खोल बुडत होती. इंजिन अर्धपोटी असताना ती पोट भरल्याची खूण दाखवत होती.

"किती हाय?"

मी बघितलं. "वरच्या खुणेला."

हे खोटं नव्हतं. पट्टीवर तेल वरच्या खुणेलाच होतं.

दादाने कॅन उचलून हातातच जरा तोलला आणि बाजूला ठेवला. "औंदा तेल कमी पिलं रेड्यानं," असं म्हणून हसला. "बरं."

त्या 'बरं'नंतर मी घरात जाऊन पलंगावर बसलो. मला काय होणार ते दिसत होतं. पन्हाळ्याच्या चढाला गाडी नाक वर करील, उरलंसुरलं तेल मागे पळेल, पंप हवा ओढील, आणि घाटातल्या वाघबिळाच्या आसपास कुठेतरी इंजिन धरेल, जाम होईल. एकदा धरलं की त्या इंजिनचे भाग आणायचे कुठून? रेडा संपला. आणि मी चक्क असा विचार केला, की संपू दे. गाडी जाईल, माणूस तर राहील. कुणाचं पोरगं चाकाखाली यायचं नाही. वहिनी सुटतील. नळी दादाने स्वतः केली होती, त्यामुळे दोष कुणालाच लागणार नव्हता. लागलाच तर त्याला. तो आयुष्यभर म्हणत राहील, माझ्या हातनं घात झाला. आणि मी शेजारी बसून चहात बिस्किट बुडवीन.

हा विचार मी केला. कुणी करायला लावला नव्हता.

नवमीला सकाळी वहिनींनी अंगण सारवून पाट मांडला. दादाने अंघोळ करून एकेक हत्यार पुसून पाटावर ठेवलं. पाने, हातोडी, पक्कड, जॅक. शेवटी त्याने ती जुनी मोडकी नळी आणून ठेवली. वहिनी म्हणाल्या, "ही कशाला? भंगार ते." दादा म्हणाला, "लई चाकरी केल्या तिनं. आजचा दिस मान तिचा." आणि तो झेंडूची फुलं आणायला आत गेला.

मी घरात गेलो. शर्टाच्या खिशातून काढून टेबलाच्या खणात टाकलेला तो तुकडा घेतला. बोलायचं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती, म्हणून मी तो पाटावर त्या नळीच्या टोकाला लावून ठेवला. घासलेल्या कडेला तुकड्याची कड अगदी नेमकी बसली नाही, पण बसली. वहिनी बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण मला अडवलं नाही.

दादा आला, पाटासमोर बसला. डोळ्यांचं काम तो बोटांनी करत होता. एका हाताने हत्यार चाचपायचं, दुसऱ्या हाताने हळदकुंकू लावायचं. पाने झाले, हातोडी झाली. बोटं नळीवर आली, कानावरून खाली सरकली, टोकाशी पोचली आणि टोकाच्या पुढे गेली. तिथे थांबली. त्याने तुकडा उचलला, दोन बोटांत फिरवला. मग अंगठ्याच्या पेरावर धरून त्याची लांबी बघितली. त्याचं तोंड उतरत गेलं. कान खाली का आला, तेल कमी का लागलं, सगळं त्याला तिथल्या तिथे कळलं.

"ह्यो कुठं हुता?"

"माझ्याकडं."

"कवापासनं?"

"गणपतीच्या आधीपासनं." आणि मग मी आत जाऊन स्वेटरच्या मागची नळी आणली, कागद सोडून त्याच्या हातात दिली.

दादा छोट्या गोष्टीला गल्ली डोक्यावर घेतो. भाजीत मीठ कमी पडलं तरी चार घरांना कळतं. त्या सकाळी त्याचा आवाज चढला नाही. नळीवरून हात फिरवत बसला. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. "मीच सांगितलं भावजीस्नी. मला भ्या वाटतंय तुमचं. तुमास्नी दिसत न्हाय, आन् तुमी सांगत न्हाय."

"तुझं बरोबर हाय," दादा म्हणाला. मग माझ्याकडे तोंड केलं. त्याची नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. "ती भ्याली म्हणून सांगितलं. तू कशापायी केलंस?"

मला उत्तर माहीत होतं. मीही भीत होतो. श्रावणापासून त्या उजव्या सीटवर बसायची कल्पनाच मला नको झाली होती. "दादा, आता तू चालवू नको," हे एक वाक्य मला त्याच्या तोंडावर म्हणता येत नव्हतं, आणि वहिनींनी मला त्यातून सोडवलं होतं. त्यांचा पदर धरून मी लपलो होतो. पण तेही मला तेव्हा बोलता आलं नाही. 

दादाने पाटाला हात जोडले, कपाळ टेकवलं. मग पूजेतला पाना उचलला. त्याच्यावरची फुलं सारवलेल्या जमिनीवर पडली.

"आवो, पूजेतलं हाय ते!" वहिनी ओरडल्या.

"ठाऊक हाय. उद्या ह्यात माणसं बसणार हाईत." त्याने मला पक्कड दिली. "धर."

हळदकुंकवाने बोटं पिवळी-लाल झालेली, तशीच आम्ही ती आखूड नळी काढली. अमेरिकेहून आलेली भोकात सरळ उतरली, तिच्या गळ्यावरची कड इंजिनला टेकली, आणि कान बोल्टच्या भोकासमोर आपसूक आला. काही वाकवावं लागलं नाही. पट्टी बुडवून काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. तोलून बाजूला ठेवलेला तो कॅन आम्ही ओतला. सगळा वेळ दादा कामापुरतंच बोलला. वडिलांचा नेम त्याने पहिल्यांदा मोडला तो असा, माझ्यामुळे. हत्यारं पुसून परत पाटावर ठेवताना त्याने पडलेली फुलं चाचपून गोळा केली, आणि एकेक परत वाहिलं.

दसऱ्याला सकाळी मी अंगणात आलो तर दादा गाडीत बसला होता. उजवीकडे. किल्ली लावलेली होती. मी काही विचारलं नाही, डावीकडून आत बसलो. गाडी चालवता येत असून त्या स्टिअरिंगवर मी आयुष्यात पहिल्यांदा हात ठेवला. मागे वहिनी बसल्या. वाघबिळाच्या अलीकडे पुढे एक एसटी आली आणि मला रस्ता दिसेना. नकळत मी उजवीकडे बघितलं. दादा सरळ समोर बघत होता, त्या धुरकट दिसण्यात काय दिसत असेल ते बघत. मी एसटीच्या मागेच राहिलो, पार वर पोचेपर्यंत.

झुणका-भाकर खाल्ली. खर्डा तिखट होता, त्यावर वहिनी थोडं बोलल्या. इंजिन निवल्यावर उतरायच्या आधी दादाने बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, बुडवली, आणि माझ्यापुढे धरली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"किती हाय?"

"वरच्या खुणेला, दादा."

"बरं," तो म्हणाला. पण पट्टी आत गेली नाही. त्याने उजवा अंगठा शर्टाला पुसून कोरडा केला, पट्टीच्या वरच्या बाजूने हळूहळू खाली सरकवत नेला आणि जिथे तेल लागलं तिथे थांबवला. मग नखाने पट्टीवरची खाच शोधली. खाच तिथेच होती. त्याने पट्टी पुसून आत सारली.

म्हणजे त्याच्या अंगठ्याला हे पहिल्यापासून येत होतं. इतकी वर्षं मला विचारायची त्याला काही गरज नव्हती.

दादा आता गाडी चालवत नाही. वहिनी निवांत झोपतात, मला तव्यावरची गरम भाकरी आग्रहाने वाढतात. दर रविवारी बॉनेट उघडतं. दादा अजून मला विचारतो, मी अजून सांगतो. सांगून झालं की त्याचा अंगठा पट्टीवरून खाली येतो, आणि तो थांबेपर्यंत मी शेजारी उभा असतो.